बाईने काय लिहावे?

(३ जानेवारी रोजी सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त मंडळात भरलेल्या सभेतील भाषण. वक्त्या भगिनींनी ते स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



आठ दिवसांमागे चिटणीसताईंचा निरोप आला की, यंदा जयंतीला बाहेरच्या पाहुण्या बोलवायच्या नाहीत. आपल्यातल्याच कुणी तरी बोलायचे, आणि ते तुम्ही. मी म्हटले, अहो ताई, माझी शाळा सातवीपर्यंतची. त्यावर त्या म्हणाल्या, जिची जयंती करायची ती बाई लग्न होऊन पुण्यास आली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. यापुढे मला बोलता येईना. तेव्हा लहान तोंडी मोठा घास घेत आहे. ठसका लागला तर सांभाळून घ्या.

विषय मला कागदावर लिहून दिला तो असा : "जातिभेद, स्त्रीजन्म आणि लेखणी." लेखणी म्हटले की आपल्याला वाटते, ते मोठ्या माणसांचे काम. आपण लिहितो ती किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, फार तर भिशीची वही. माझेही तसेच मत होते. पण गेली दोन वर्षे मंडळाच्या कपाटातील पुस्तके दुपारच्या वेळी एकेक करून घरी नेत आले, आणि माझ्या ध्यानात आले की या विषयावर ज्या बायकांनी मनापासून लिहिले त्यांतल्या काहींना माझ्यापेक्षाही कमी शाळा मिळाली होती. त्यांच्याविषयी आधी सांगते. नंतर आपल्या स्मरणिकेसाठी आलेल्या एका टिपणाविषयी बोलणार आहे. ते कोणते, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. आज त्याबद्दल सर्वांसमोर बोलावे असे मी ठरवूनच आले आहे.

सावित्रीबाईंच्या शाळेची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. शेणाचे गोळे, जादाचे लुगडे, सर्व तोंडपाठ झाले आहे. मला त्यांचे एक पत्र सांगायचे आहे. २९ ऑगस्ट १८६८ रोजी त्यांनी माहेरच्या गावाहून, सातारा जिल्ह्यातील नायगावाहून, जोतीरावांना ते लिहिले. त्या गावात गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आला. पंचांग सांगून पोट भरी. सारजा नावाच्या महाराच्या मुलीशी त्याचे प्रेम जमले आणि तिला दिवस गेले. गावाने दोघांना धरले, मारीत मारीत रस्त्याने फिरवले आणि जिवे मारायला निघाले. सावित्रीबाईंना हे कळताच त्या तेथे गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे प्राण वाचवले. मग गाव म्हणाले, यांनी गाव सोडावे. तशी ती दोघे जोतीरावांकडे पाठवून दिली.

भगिनींनो, नवऱ्याला लिहिलेले हे साधे पत्र. आपणही माहेरी गेलो म्हणजे पूर्वी पत्र लिहीत होतो. आता फोन करतो. आपल्या पत्रात काय असे? प्रकृती बरी आहे, पाऊस चांगला आहे. त्या बाईंनी मात्र पोरीची जात लिहिली, मुलाची जात लिहिली, गावाने काय केले ते लिहिले. ते गाव परके नव्हते, त्यांच्या माहेरचे होते. माहेराबद्दल वावगे लिहिणे किती जड जाते ते आपल्याला ठाऊक आहे. कागदावर राहिले म्हणून आज दीडशे वर्षांनंतर सारजेचे नाव आपल्याला घेता येते. नाही तर अशा किती सारजा होऊन गेल्या असतील, कुणाला पत्ता?

फुले पतिपत्नींच्याच शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजाची मुलगी शिकत होती. वय चौदा वर्षांचे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात दोन भागांत छापून आला. आपल्या मुली चौदाव्या वर्षी 'माझा आवडता ऋतू' लिहितात. या मुलीने, पेशवाईत आपल्या लोकांचा जीव किती स्वस्त होता ते लिहिले. ज्या लोकांना वेद ऐकायचाही अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असे विचारले. आणि आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हेही लिहिले. पुरुषांनी दुःखे मोजली असती तर ही गोष्ट यादीत आली असती की नाही, मला शंका आहे. आणखी एक गोष्ट तिने लपवली नाही. वरच्यांनी आम्हांला दूर ठेवले हे तर तिने सांगितलेच, पण महारही मांगांना आपल्यापेक्षा हलके समजू लागले आहेत, हेही सांगितले. म्हणजे मुलीने वर बोट दाखवले तसेच शेजारीही दाखवले.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, मराठा कुळातल्या. सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर १८८१ साली तान्ह्या मुलाच्या हत्येचा खटला झाला. आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती बदलली. त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिले. ते मूल एकट्या बाईचे होते काय, आणि त्यातला पुरुष कुठे गेला, हा त्यांचा रोख. पुस्तकाची भाषा अशी की वाचताना पदर खोचून भांडायला उभी राहिलेली बाई डोळ्यांपुढे येते. मला हे विशेष वाटले की एका मराठा घरातील बाई परजातीच्या, परमुलखातील, कधी न पाहिलेल्या विधवेसाठी पेटून उठली. विधवेला पुन्हा लग्न नाही ही चाल ब्राह्मणांपाठोपाठ आपल्याही लोकांनी कशी उचलली, हेही त्यांनी लिहिले. पुष्कळांना ते रुचले नाही. जोतीरावांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक जवळजवळ विसरले गेले आणि १९७५ साली पुन्हा छापले गेले.

आता ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे त्या बेबीताई कांबळे. फलटणच्या. जन्म १९२९ चा, पुरंदर तालुक्यातील वीरगावचा, आजोळचा. शाळा चौथीपर्यंत. तेराव्या वर्षी लग्न. नवराबायकोने आधी द्राक्षे विकली, मग भाजी, मग किराणा मालाचे छोटे दुकान घातले. दुकानात माल बांधायला रद्दी येई, ती बेबीताई वाचत. गिऱ्हाईक नसे तेव्हा लिहीत. लिहिलेले कागद घरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणून अडगळीत लपवून ठेवीत. असे एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, सुमारे वीस वर्षे! भगिनींनो, आपण डाळीच्या डब्यात पन्नासाची नोट लपवतो ती आठ दिवसांत घरच्यांना सापडते. या बाईंनी वीस वर्षे पुस्तक लपवले. शेवटी ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले.

त्या पुस्तकात सरपणाची हकीकत आहे. महारवाड्यातील बायका रानातून लाकडे तोडून, मोळ्या बांधून, ब्राह्मणांच्या घरी विकायला नेत. घरातली बाई दुरून बजावीत असे की लाकडाला तुमचा केस चिकटलेला नाही ना, लुगड्याचा धागा राहिला नाही ना, नीट पाहा; नाही तर आमचे घर बाटेल. मग त्या बायकांनी उन्हातान्हातून आणलेली ती मोळी सोडून एकेक लाकूड निरखून पाहायचे. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसले. कारण यात कुणी पाटील नाही, शास्त्री नाही. एक बाई उंबऱ्याच्या आत, एक बाई बाहेर. आतली बाईही काही मोकळी नाही. तिलाही उंबरा ओलांडायची चोरी. पण बाहेरचीचा केस तिला बाटवतो!

बेबीताई तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्यांना टाळ्या देणे सर्वांना सोपे गेले असते. पण त्यांनी आपल्या वस्तीतील घरांचीही दारे उघडली. आठ-नऊ वर्षांच्या सुनेला पहाटे जात्यावर बसवणारी सासू त्यांनी दाखवली. मुलाचे कान भरून सुनेला मार खायला लावणारी दाखवली. माहेरी पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालीत, कुणाचे नाक कापीत, ते लिहिले. आपला बाप कमावता आणि उदार मनाचा असला तरी त्याने आईला घरात कोंडल्यासारखे ठेवले, हेही लिहिले. स्वतःला नवऱ्याचा मार बसला ते मात्र पुस्तकात फारसे नाही. पुढे मुलाखतीत विचारले तेव्हा त्या बोलल्या, आणि हे माझे एकटीचे नव्हे, बहुतेक जणींचे असेच होते, असे म्हणाल्या. पुस्तक लिहून त्या घरी बसल्या नाहीत. फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ साली त्या वारल्या.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) आपल्या कपाटात आहे, तेही जरूर वाचा. त्या संस्कृत शिकल्या. महाराची मुलगी आणि संस्कृत, म्हणून कुणी कौतुक केले, कुणी नाके मुरडली. पण नोकरी देईनात. पुढे त्यांचे लग्न परजातीत झाले, आडनाव बदलले, आणि मग सरकारी कॉलेजात नेमणूक मिळाली. विद्या तीच, बाई तीच. आडनाव तेवढे निराळे.

आता कुणी म्हणेल, ही सर्व जुनी दुःखे झाली. आणि आपण बायका एकत्र जमलो की जात कुठे आड येते? तर १९३७ सालच्या डिसेंबरातली गोष्ट ऐका. नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले होते. देशभरच्या शिकल्या-सवरल्या बायका आल्या होत्या. स्त्रियांच्या हक्कांवर व्याख्याने झाली. जेवणाच्या वेळी मात्र जाईबाई चौधरी आणि त्यांच्या भगिनींना निराळे बसवले. या जाईबाई नागपुरात मुलींची शाळा चालवणाऱ्या. त्यांनी हा अपमान मुकाट्याने गिळला नाही. लगेच पुढच्या जानेवारीत दलित स्त्रियांनी आपली वेगळी सभा भरवून त्याचा निषेध केला. आणि २० जुलै १९४२ ला त्याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत दलित महिलांची परिषद झाली, तिला वीस-पंचवीस हजार बायका आल्या होत्या. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. ही सगळी हकीकत आपल्याला कळते ती मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघींमुळे. त्यांनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायकांना बोलते केले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. त्या महिला परिषदेने स्वतःच्या अहवालात जेवणाच्या पंगतीची हकीकत किती लिहिली असती, याचा अंदाज आपण आपल्या इतिवृत्ताच्या वहीवरून बांधावा. आपल्या वहीत "सभा खेळीमेळीत पार पडली" हे वाक्य दर पानावर आहे. मी मोजायला बसले होते, कंटाळून सोडून दिले.

आता आपल्या घरचे.

या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी नाल्यापलीकडच्या वस्तीतील आपल्या एका भगिनीने दोन पानांचे टिपण दिले आहे. मंडळाच्या पापडविक्रीच्या मागण्यांची वही गेली चार वर्षे तीच लिहिते. अक्षर मोत्यासारखे. टिपणात उन्हाळकामाच्या गंमती आहेत : पापडखार जास्त झाला तेव्हाची फजिती, गच्चीवरच्या वाळवणावर माकडे आली ती हकीकत. वाचून हसायला येते. आणि शेवटी तीन ओळी आहेत. तिने लिहिले आहे की काही मागण्यांसमोर वहीत एक टिंब देण्यास सांगितलेले असते. टिंब म्हणजे काय? तर फोन करणाऱ्यांनी आधी विचारलेले असते की पापड कुणाच्या हातचे आहेत. त्या घरचा डबा पुढच्या गल्लीतल्या बायकांनी लाटलेल्या पापडांनीच भरायचा. वहीत तसे लिहिणे बरे दिसत नाही, म्हणून टिंब. आणि ते टिंब देते कोण? जिच्या हातचे पापड नको आहेत ती स्वतः.

या तीन ओळी काढाव्यात असे संपादक समितीतील काही भगिनींचे म्हणणे आहे. त्यांचा मला राग नाही. त्या मंडळाच्या भल्याचेच पाहतात. पण त्यांची कारणे मी नीट ऐकली आहेत आणि त्यांना उत्तर देणे मला जरूर वाटते.

पहिले कारण, गिऱ्हाइके जातील. वही मी पाहिली. टिंबाच्या मागण्या डझनभरही नाहीत. उडदाची एक गोणी आपण दर उन्हाळ्यात उंदरांच्या आणि दमटपणाच्या नावाने सोडून देतो, तिच्यापुढे हा तोटा काय? आणि समजा पुष्कळ असत्या, तरी पैसे कसले घेतो आहोत हे कळायला नको काय?

दुसरे कारण, घरातले भांडण वेशीवर कशाला टांगायचे? भगिनींनो, घरातले म्हणजे कुणाच्या घरातले? सावित्रीबाईंनी माहेरचे लिहिले. मुक्ताने शेजारचे लिहिले. बेबीताईंनी स्वतःच्या बापाचे लिहिले. दुसऱ्यांचे दोष लिहायला धैर्य फारसे लागत नाही. दिवाळी अंक त्यांनी भरलेले असतात. ज्यांच्यात आपल्याला उद्याही उठायबसायचे आहे त्यांच्याबद्दल लिहिताना हात कापतो. या भगिनीचा हात कापला असेल. पुढच्या आठवड्यात तिला त्याच खोलीत, त्याच वहीसमोर बसायचे होते. तरी तिने लिहिले.

तिसरे कारण एका वहिनींनी मला वाटेत गाठून सांगितले : आता कुठे जात राहिली आहे, उगाच खपली काढू नये. १९५० च्या घटनेतील सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद झाली, १९५५ साली कायदा आला, १९८९ साली आणखी कडक आला. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. हे सर्व झाले, फार चांगले झाले. पण त्या फोनवर विचारणाऱ्या बाईला कायदा कुठे गाठणार? ती शिवीगाळ करीत नाही, गोड आवाजात विचारते, "लाटायला कोण कोण असतं हो?" याची नोंद पोलिसांत होत नाही. होऊ शकते ती फक्त आपल्या वहीत.

लिहिल्याने काय होते, असेही विचारतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव लिहिला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. एवढ्याने सगळीकडची चाल मोडली असे मी म्हणत नाही. परंतु हेरवाडच्या बाईला आता दाखवायला कागद आहे. आपल्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू दहा-अकरा दिवसांवर आले आहे. आमंत्रणाच्या यादीतून कोण कोण गळले आहे ते जाता जाता पाहून घ्या. तेही लिहिण्याचेच काम आहे, नाव घालणे आणि नाव गाळणे.

मी त्या भगिनीकडे गेले होते. चहा घेतला, पुष्कळ बोललो. ती म्हणाली, "काकी, तीन ओळी काढायच्या असतील तर माकडांची हकीकतही काढा. सगळंच परत द्या. मी मंडळ सोडणार नाही. वही पण लिहीन. फक्त टिंब देणार नाही." तिने आवाजही चढवला नाही. समोर मुलीची फी भरल्याची पावती पडली होती. पापडाच्या पैशांतूनच ती भरलेली. मंडळातून बाहेर पडावे लागले तर तिचे किती जाणार आहे, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

समितीची बैठक येत्या गुरुवारी आहे. मी समितीत आहे, आणि माझे मत टिपण आहे तसे छापावे असे आहे. ते मी येथे सांगून टाकले, म्हणजे गुरुवारी कुणाला आडून विचारावे लागणार नाही. ज्यांचे मत निराळे असेल त्यांनीही उघड बोलावे. आणि ते "खेळीमेळीत पार पडली" म्हणून न संपवता, कोण काय बोलले ते इतिवृत्तात लिहावे, एवढी चिटणीसताईंना विनंती आहे.

(भाषण छापण्यास देताना : गुरुवारच्या बैठकीत चार विरुद्ध तीन मतांनी टिपण पूर्ण छापण्याचे ठरले. ते याच अंकात आहे. त्यानंतर दोन घरांनी मागणी परत घेतल्याचे कळवले. यंदाचे पापड होळीनंतर सुरू होतील. लाटायला बसणाऱ्या भगिनींनी आपली नावे वहीत लिहावीत. बसण्याच्या जागा नाव येईल त्या क्रमाने दिल्या जातील.)